रफार

आर्वी-वर्धा रस्त्यावर, आंजीच्या अलीकडे,
विहिरीच्या मोटरघरावर अजून दिसतं माझं अक्षर.
पिवळ्या जमिनीवर लाल: मर्दानी ताकद.
खाली दहा आकडी नंबर,
आणि कोपऱ्यात, बारीक ब्रशनं, श्रावण आर्ट्स.

तीस वर्षं हेच लिहिलं.
जिनिंगच्या कंपाउंडवर, एसटी स्टँडच्या मागं,
माणसं जिथं पाठ करून उभी राहतात तिथं मुद्दाम.
वैद्याचा माणूस भिंतीमागं साठ रुपये द्यायचा, रंग त्याचा.
'दा'वरचा रफार मी असा ओढायचो
की पिळदार मिशीच.
पोट्टे खालून ओरडायचे,
"पेंटरकाका, गोळी तुम्ही बी घेता काय?"
मी शिडीवरून हसायचो.

मग दाढी आठ-आठ दिवस वाढेना.
चौथ्या पायरीवर दम.
रात्री चंद्रकला कूस बदलायची
आणि मी भिंतीकडे तोंड करून घोरायचो, जागाच.

त्या डिसेंबरात, गाव शेकोटीला बसलेलं,
आमच्या घरात कूलर चालू.
तिला वाफा यायच्या, तिच्या वयाच्या.
मलाही यायच्या, कुणाच्या वयाच्या कोण जाणे.
दोघं वाळ्याच्या ताट्यांपुढं घामेजून बसलेलो,
एकमेकांना काही न विचारता.

नंबर तर पाठच होता.
एकदा लावला, भाच्याच्या फोनवरून.
पलीकडून विचारलं, जाहिरात कुठं पाहिली?
मी फोन ठेवला.

वर्ध्याला डॉक्टर बाई निघाल्या. मडावी. माझ्या पोरीएवढ्या.
पाणी किती पिता विचारावं तसं विचारलं,
"पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते?"
मी त्यांच्या मागच्या बोर्डाकडे पाहिलं.
'आरोग्य'मधला 'ग्य' कडेला चेंगरलेला,
कुण्या शिकाऊ हाताचं काम.
"लहानपणी गालफुगी?"
झाली होती. चौदाचा होतो.
गालांची सूज खाली उतरली
तेव्हा मायनं गरम पाला बांधला
आणि कुणाला सांगितलं नाही.
मीही नाही, आजवर.

रक्त सकाळी आठला, उपाशीपोटी.
मग पुन्हा एकदा,
कारण एकाच सकाळीवर बाईंचा भरवसा नाही.
आकडा आला एकशे बेचाळीस.
जन्मभर दहा-दहा आकडे रंगवले,
माझा तिनांतच आटपला.

इंजेक्शन तीन आठवड्यांनी, कमरेत.
तेलासारखं दाट; सिस्टर आधी बाटली मुठीत धरून कोमट करते.
ही जादू नाही, बाई म्हणाल्या,
रक्त घट्ट होतं का पाहत राहू, प्रोस्टेटवरही नजर ठेवू.
आणि मूल हवं असेल तर आत्ताच सांगा, याच्यानं बीज थांबतं.
मी म्हटलं, नात शाळेत जाते.

आधी भूक परतली. मग झोप.
मग एका दुपारी चहा गार म्हणून उगाच राग,
त्याचीच मला लाज वाटली, जराशी गंमतही.
चैतातल्या एका रात्री, उशिरा,
मी भिंतीकडची कूस सोडली.
चंद्रकलानं माझा हात धरला, घट्ट, आणि तिथंच थांबवला.
"दुखते मले," म्हणाली. "दोन वर्सं झाले.
तुम्ही झोपेचं सोंग करत, मले बरंच वाटे."

किती वेळ कोणी बोललं नाही.
कुणाच्या तरी वावरात रातच्या लायनीवर मोटर चालू होती.
मग तीच, आढ्याकडे पाहत,
"त्या बाईपाशी माह्यासाठी बी काही असन काय?"

सोमवारी सातची वर्धा गाडी.
मोटरघर आलं, मी बोट दाखवलं नाही.
तिनंच पाहिलं. "मिशी चांगली काढली होती," म्हणाली.
कंडक्टर आला. म्हटलं, वर्धा, दोन.
त्यानं मला पाहिलं, तिला पाहिलं, मशीनवर बोटं चालवली.
"एक फुल," म्हणाला, "एक हाफ."

कोणतं कोणाचं,
चंद्रकलानं त्याला विचारलं.